लग्नाच्या जुन्या डिस्क वाचवायच्या असतील तर आधी ड्राइव्ह शोधा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. १९९८ पासून लग्नं, बारशी, वास्तुशांती, खासबागेतल्या कुस्त्या, गणपतीच्या मिरवणुका, जे मिळेल ते शूट करत आलो. आधी व्हीएचएस कॅसेट द्यायचो, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, शेवटी शेवटी थोड्या ब्लू-रे. गेल्या काही वर्षांत मात्र नव्या शूटिंगपेक्षा जुनं काढून देण्याचंच काम जास्त येतंय. पिशवीतनं डिस्क निघते आणि प्रश्न ठरलेला असतो, "दादा, हे चालतंय का तेवढं बघा की."

दहातल्या सात-आठ डिस्क चालतात. अडचण डिस्कची नसते, घरातला प्लेअर कधीच भंगारात गेलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला ट्रेच नसतो. म्हणून हे काम घरी करणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगतो ती ही: डिस्क पुसायच्या नादाला लागायच्या आधी चांगला ड्राइव्ह मिळवा. डिस्क कपाटात अजून चार वर्षं थांबेल, ड्राइव्ह बाजारात थांबणार नाही. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट बनवणं बंद केलं. कोऱ्या डिस्क गेल्या की त्या लिहिणारे, वाचणारे ड्राइव्हही मागोमाग जाणार.

कोणता ड्राइव्ह घ्यायचा? यूएसबीचा पातळ, हलका ड्राइव्ह नवा मिळतो आणि सुस्थितीतल्या डिस्कसाठी तो पुरतो. पण खराब डिस्क असेल तर माझा भरवसा जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरमधल्या जाड, साटा केबलच्या ड्राइव्हवर आहे. त्याची मोटर दणकट असते आणि डिस्क थरथरत नाही. शाहूपुरी, राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडे जुन्या कॅबिनेटचा ढीग असतो. तिथे जाऊन विचारा, चालू असेल तर दोन-तीन उचला आणि साटा ते यूएसबीची जोडकेबल घ्या. ती घेताना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर सोबत आहे ना बघा, कारण जाड ड्राइव्ह नुसत्या यूएसबीच्या ताकदीवर फिरत नाही. घ्यायच्या आधी तिथेच एक सीडी आणि एक डीव्हीडी घालून बघा. सीडी चालली म्हणून डीव्हीडी चालेलच असं नाही, कारण आत दोन वेगळे लेझर असतात. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. एक मेला तरी दुसरा चालू राहतो.

आणि एकाच कंपनीचे तीन घेऊ नका. वेगवेगळ्या कंपन्यांचे घ्या. त्याचं कारण पुढे येईल.

आमच्या धंद्यात ज्याला सगळे 'लेन्स' म्हणतात, ती म्हणजे लेझर, भिंग आणि प्रकाश टिपणारा भाग असा अख्खा संच. ड्राइव्हचा जीव त्यात असतो. आणि लेन्सचा जीव मोहरीच्या दाण्याहून लहान, लेझर पाडणाऱ्या डायोडमध्ये. तो एक नग नसला तर बाकीचं सगळं यंत्र असून नसल्यासारखं.

२००६ साली हे अख्ख्या जगाने अनुभवलं. डीव्हीडीनंतर काय, यावर कंपन्यांचे दोन तट पडले होते. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स ही मंडळी ब्लू-रेकडे, तोशिबा आणि एनईसी एचडी डीव्हीडीकडे. तोशिबाचा प्लेअर जपानात ३१ मार्च २००६ ला आला, ब्लू-रे मागून निघाली. भांडण मोठं होतं, पण दोघांच्याही लेन्सला लागायचा तो डायोड एकाच जातीचा, ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. गॅलियम नायट्राइडचा हा डायोड निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी जमवला होता. पण एक जमवणं वेगळं आणि कारखान्यात लाखांनी काढणं वेगळं. डायोड पुरेनात. सप्टेंबर २००६ मध्ये सोनीला जाहीर करावं लागलं की प्लेस्टेशन ३ युरोपात नोव्हेंबरऐवजी मार्च २००७ मध्ये येईल. जपानला सुरुवातीला साधारण १ लाख आणि अमेरिकेला ४ लाख नगच ठरले. खेळाचं अख्खं यंत्र तयार, आणि अडलं कुठे तर डिस्क वाचणाऱ्या डायोडपाशी.

तरी त्या प्लेस्टेशननेच पारडं फिरवलं. खेळायला म्हणून घेतलेल्या प्रत्येक यंत्रात ब्लू-रे प्लेअर आयता घरात आला. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर ब्रदर्सने आपण फक्त ब्लू-रे काढणार म्हणून सांगितलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडीचा गाशा गुंडाळला. दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

हे सगळं कोल्हापुरात बसून मला का माहीत? कारण त्याच काळात ताराबाई पार्कातल्या एका घरचं लग्न मी पहिल्यांदा एचडीमध्ये शूट केलं. नवऱ्या मुलाचा मामा अमेरिकेहून आलेला. "एचडी डीव्हीडी करून द्या, प्लेअर मी पाठवतो," असं त्याचं म्हणणं. मी त्यांना डीव्हीडी दिली आणि मूळ एचडीव्हीच्या टेपा गोदरेजच्या कपाटात ठेवल्या. मामांनी प्लेअर पाठवला, सोबत सिनेमाच्या काही एचडी डीव्हीडीही पाठवल्या. तो प्लेअर चार वर्षांत बंद पडला आणि त्याची लेन्स मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही मिळाली नाही. टेपा मात्र मी नंतर ब्लू-रेवर घेतल्या आणि २०१९ मध्ये हार्ड डिस्कवर. मूळ जपलं म्हणून त्या घरचं लग्न आज आहे.

तर आता डिस्क हातात घ्या आणि ती कोणती ते ओळखा. खालची बाजू उजेडात तिरपी धरा. कारखान्यात छापलेली सीडी चांदीसारखी दिसते. घरी किंवा दुकानात लिहिलेली सीडी हिरवट किंवा फिकट निळसर सोनेरी, डीव्हीडी जांभळट, ब्लू-रे बहुधा काळपट किंवा तपकिरी. कडेच्या खुणांपेक्षा मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर काय कोरलंय ते वाचा. डीव्हीडीवर 'मायनस आर' की 'प्लस आर' हेही बघून ठेवा. हेही दोन तटांचंच. मायनस आर पायोनियरने १९९७ मध्ये आणली, प्लस आर फिलिप्स, सोनी, एचपीच्या गटाने २००२ मध्ये. २००५ मध्ये मी गडहिंग्लजच्या एका गिऱ्हाइकाला प्लस आर दिली आणि त्यांच्या प्लेअरने ती ओळखलीच नाही. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह दोन्ही वाचतो, त्यामुळे आज घाबरायचं कारण नाही.

एचडी डीव्हीडी मात्र ब्लू-रे ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. लेझर एकाच रंगाचा, तरी नाही. ब्लू-रेची माहिती खालच्या पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवर असते, एचडी डीव्हीडीची ०.६ वर, डीव्हीडीसारखी. भिंगंही वेगळी. कोणाकडे अशा डिस्क असतील तर एक्सबॉक्स ३६० साठी निघालेला एचडी डीव्हीडीचा बाहेरचा ड्राइव्ह शोधा. तो यूएसबीने कॉम्प्युटरला लागतो. एलजीनेही दोन्ही वाचणारे काही ड्राइव्ह काढले होते, ते जुन्या बाजारात क्वचित दिसतात.

हे खोलीचं गणित साफ करतानाही उपयोगी पडतं. सीडीत माहितीचा थर वरच्या, लेबलच्या बाजूला असतो, त्यावर नुसतं लाखेसारखं एक आवरण. म्हणजे सीडीचा जीव वर आहे. लोक खालची बाजू जपतात आणि वरून बॉलपेनने 'सुनीताचं लग्न' असं दाबून लिहितात. त्या अक्षरांखालची माहिती गेली, ती पुन्हा येत नाही. डीव्हीडीत दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्या चिकटवलेल्या असतात आणि थर मध्ये, म्हणून ती जास्त सुरक्षित. ब्लू-रेचा थर खालच्या बाजूला अगदी कातडीखाली, म्हणून तिला कडक लेप दिलेला असतो. तो कधी घासून काढायचा नाही. टूथपेस्टने ओरखडे जातात असं सांगणारे भेटतील. ब्लू-रेवर ते केलंत तर डिस्क संपली.

पुसताना मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल नाही. माहिती गोल वाटेने लिहिलेली असते. आडवा ओरखडा पडला तर प्रत्येक फेरीत थोडंसंच तुटतं आणि ड्राइव्ह ते हिशेबाने भरून काढतो. गोल ओरखडा एकाच फेरीचा लांब तुकडा खातो, तो भरून निघत नाही. कापड चष्म्याचं किंवा जुन्या मऊ मलमलीचं घ्या. आधी स्वच्छ पाणी, बोटांचे तेलकट डाग असतील तर औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर डिस्कच्या जवळसुद्धा आणायचं नाही, त्याने प्लास्टिक पांढरं पडतं.

पुरात भिजलेल्या डिस्कचं वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. त्यानंतर दोन महिने माझ्या दुकानात चिखलाच्या डिस्क येत होत्या. ज्यांनी चिखल वाळू दिला आणि मग कापडाने पुसला, त्यांनी वाळूच्या कणांनी डिस्क घासून काढली. चिखल ओला असतानाच डिस्क पाण्याच्या बादलीत ठेवायची, पाणी दोन-तीनदा बदलायचं, बोट न लावता नुसतं हलवायचं. मग नळाच्या बारीक धारेखाली धरायची आणि ताटाळ्यात ताटं उभी करतो तशी उभी करून सावलीत वाळवायची. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही. कागदी कव्हर चिकटलं असेल तर ओढायचं नाही, भिजवून सुटेपर्यंत थांबायचं.

आता वाचायला घ्या. इथे लोक एक चूक करतात, डिस्क घालतात आणि आतलं फोल्डर सरळ कॉपी करतात. डिस्क धड असेल तर होतंही. पण एका जागी अडलं की विंडोज तिथेच अडून बसतं, ड्राइव्ह घरघरत राहतो आणि आधीच थकलेला लेझर तापतो. त्यापेक्षा अख्ख्या डिस्कची एक इमेज फाइल, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढा. साध्या डिस्कला आयएमजीबर्न नावाचं सॉफ्टवेअर पुरतं. अवघड डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू. हे आधी जे सहज वाचलं जातं तेवढं उचलून घेतं, वाईट जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन त्या जागा खरवडतं. काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. डीव्हीडीसाठी सेक्टर, म्हणजे माहितीचा एक कप्पा, २०४८ बाइटचा सांगायचा. आणि वेग कमी ठेवायचा. ८ एक्सला न वाचलेली डिस्क २ एक्सला वाचलेली मी कितीदा पाहिलीय.

मॅप फाइलची गंमत अशी की ती दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालवता येते. पहिला ड्राइव्ह जिथे थकला तिथून दुसरा. प्रत्येक कंपनीची लेन्स थोडी वेगळ्या कोनाने, थोड्या वेगळ्या ताकदीने बघते. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह घ्या म्हटलं ते यासाठी.

व्हीसीडीला इमेज काढायच्या भानगडीत पडू नका. तिच्यात एमपीइजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात डॅट फाइली. त्या काढून व्हीएलसीमध्ये चालवा. अडत असेल तर आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरने काढा. व्हीसीडी डीव्हीडीपेक्षा लवकर अडखळते, त्याचं कारण आहे. साध्या डेटा सीडीत २३५२ बाइटच्या सेक्टरमधले २०४८ कामाचे आणि उरलेले बरेचसे दुरुस्तीसाठी राखलेले. व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून २३२४ बाइट चित्राला दिले, दुरुस्तीची ती शिल्लक गेली.

डिस्कवर चित्र आहे हे दिसतंय, पण कॉम्प्युटर 'कोरी आहे' म्हणतोय? मग ती बहुतेक फायनलाइज केलेली नाही, म्हणजे लिहून झाल्यावर शेवटची मोहोर लावून बंद केलेली नाही. हँडीकॅममधल्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीत हे फार होतं. कॅमेरा घरात असेल तर त्यातूनच फायनलाइज करा. नसेल तर आयसोबस्टर बहुतेक वेळा आतलं उघडून देतं. ही डिस्क कोरी समजून कोणी फॉरमॅट करू नका, हात जोडून सांगतो.

ड्राइव्हच आजारी असेल तर? आधी ट्रेचा पट्टा आणि रुळावरचं सुकलेलं ग्रीस बघा. निम्मे ड्राइव्ह तिथेच अडतात. मग कापसाच्या काडीला अल्कोहोलचा थेंब लावून भिंग अगदी हलकेच पुसा. काही कारागीर लेन्सच्या कडेचा प्रीसेट, म्हणजे करंट कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू, फिरवून करंट वाढवतात. दोन दिवस चालतं आणि मग डायोड कायमचा जळतो. शाहूपुरीतल्या माझ्या मित्राकडे एकेकाळी लेन्सनी भरलेला खण असायचा, आता मागवली तरी जुन्या प्लेअरमधून काढून चकचकीत केलेलीच येते. नवी, बंद पाकिटातली लेन्स नशिबाने मिळाली तर एक जपा. तिच्या बोर्डावर सोल्डरचा एक बारीक ठिपका असतो, डायोडची दोन टोकं एकत्र बांधणारा. अंगातल्या स्थिर विजेने डायोड मरू नये म्हणून कारखान्यातच तो लावतात. आधी लेन्सची पट्टीसारखी केबल ड्राइव्हमध्ये बसवायची, मग ठिपका काढायचा. मी पहिली लेन्स उलट क्रमाने बसवली होती. ती एकदाही पेटली नाही.

सगळं वाचून झालं की फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. शेवट नक्की बघा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. म्हणजे हळद मध्याजवळ, अक्षता मधल्या भागात आणि पाठवणी अगदी कडेला. बोटं लागतात कडेला, दमट हवा शिरते कडेने, रंगाचा थरही आधी कडेलाच उडतो. २००९ मध्ये मी एका कंपनीच्या स्वस्त कोऱ्या डीव्हीडींची लडच घेतली होती. त्यांवर दिलेल्या लग्नांपैकी जी परत आली, त्यातल्या बहुतेकांची पाठवणी गेली होती. त्या घरांना मी माझ्याकडच्या टेपांवरून पुन्हा करून दिलं. काहींच्या टेपा मीच पुसून परत वापरल्या होत्या. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं आणि ते मला अजून लागतं.

साठवण साधी ठेवा. भरलेली एक डीव्हीडी ४.७ जीबी, म्हणजे शंभर डिस्क ५०० जीबीच्या आत. १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्हींवर तेच भरा, एक घरी आणि एक पुण्याला लेकाकडे किंवा गावी भावाकडे. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर पुराला एकच फेरी पुरते. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी म्हणा, जोडून चालू करून बघा. मूळ डिस्क टाकू नका.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या एक वहिनी गेल्या वर्षी आल्या. २००७ चं लग्न, माझंच शूटिंग, डिस्क पुरात सहा दिवस होती. "मी धुऊन ठेवलो होतो बघा," म्हणाल्या. माझी टेप नव्हती. पहिल्या ड्राइव्हने ९१ टक्के दिलं आणि कडेला थांबला. दुसऱ्याने मॅप फाइलवरून पुढे नेलं, ९६. तिसरा २००८ चा, जाड, मळकट पांढऱ्या तोंडाचा, भंगारवाल्याकडून उचललेला. तो रात्रभर २ एक्सला फिरत ठेवला. सकाळी २३ लाख सेक्टरमधले चौदा राहिले होते. पाठवणीत एका जागी चित्र क्षणभर चौकोनी फुटतं, आवाज मात्र अख्खा आहे. त्यात त्यांची आई गाडीच्या काचेतून सांगते, "डबा सीटखाली ठेवलाय गं, वाटेत खावा दोघं." वहिनींनी ते दुकानात उभ्या उभ्या तीनदा ऐकलं आणि पेन ड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधला. मी त्यांना दुसरी प्रत कुठे ठेवायची ते विचारलं. धाकटी बहीण इचलकरंजीला असते, म्हणाल्या. तिच्या नावाची दुसरी प्रत त्याच दुपारी केली.